ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर, वेळ आणि हाताशी ठेवायचा एक दिवस

तिकीट काढून नियमित प्रवासी विमानाने उत्तरेकडे जाता येईल तितके जायचे ठरवले, तर प्रवास लाँगइयरब्येनला संपतो. उत्तर ध्रुवापासून हे गाव सुमारे १,३०० किलोमीटरवर, स्वालबार्ड द्वीपसमूहात आहे. तिकडे जाणारी बरीच विमाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सोहून सुटतात किंवा तिथे थांबून पुढे जातात. नेहमीची प्रवासी बोट या दोन गावांमध्ये चालत नाही, त्यामुळे क्रूझने न जाणाऱ्या प्रवाशाला विमानाशिवाय वाट नाही.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे आणि विमानाला दीड ते पावणेदोन तास लागतात. मुंबई ते चेन्नई हे हवाई अंतरही याहून थोडे जास्त भरेल. मात्र मुंबई–चेन्नई मार्गावर एक विमान चुकले तर संध्याकाळपर्यंत दुसरे मिळते. इथे पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असू शकते आणि तेही भरलेले असू शकते. म्हणून या मार्गाची आखणी करताना उड्डाणाच्या तासांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त विचार दोन विमानांमधल्या खंडाचा करावा लागतो. तरीही हिशोबाची सुरुवात अंतरापासूनच करू, कारण उत्तरेकडची अंतरे डोळ्यांना फसवतात.

मोबाइलवर किंवा शाळेच्या भिंतीवर आपण जो नकाशा पाहतो तो बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात ध्रुवाकडे जावे तसतसा प्रदेश ताणला जातो. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर हा ताण विषुववृत्ताच्या जवळजवळ तिप्पट असतो, तर लाँगइयरब्येनला तो पाचपटीच्या आसपास पोचतो. परिणामी अशा नकाशावर पट्टी ठेवली तर ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन हे अंतर मुंबई–श्रीनगरच्या जवळजवळ दुप्पट दिसते. प्रत्यक्षात मुंबई–श्रीनगर सुमारे १,६६० किलोमीटर आहे आणि आपला हा मार्ग त्याच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरतो. नकाशा पाहून ‘बापरे, केवढे लांब!’ म्हणून बेत सोडून देणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

अंतर स्वतः काढता येते आणि ते एकदा तरी काढून पाहावे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. ट्रॉम्सोचा विमानतळ ६९ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर लाँगइयरब्येनचा ७८ अंश १५ मिनिटांवर. फरक ८ अंश ३४ मिनिटांचा, म्हणजे ५१४ मिनिटांचा. त्याचे झाले ५१४ सागरी मैल, म्हणजे ९५२ किलोमीटर. आता पूर्व-पश्चिम फरक पाहू. रेखांशांत साधारण साडेतीन अंशांचा फरक आहे. आपल्याकडे मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा असतो. तोच अंश ट्रॉम्सोला सुमारे ३९ आणि लाँगइयरब्येनला सुमारे २३ किलोमीटरचा उरतो, कारण सगळ्या रेखांशरेषा ध्रुवाशी एकत्र येतात. या मार्गाच्या मध्यावर, ७४ अंशांच्या आसपास, एक अंश ३१ किलोमीटर धरला तर पूर्व-पश्चिम फरक १०६ किलोमीटरच्या घरात जातो. मग शाळेतला पायथागोरस वापरायचा: ९५२ चा वर्ग अधिक १०६ चा वर्ग, आणि त्या बेरजेचे वर्गमूळ. उत्तर ९५८ येते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे होतात. प्रवासाच्या आखणीला त्याने काही बिघडत नाही.

ही रीत दोन ठिकाणांच्या रेखांशांत थोडाच फरक असेल तेव्हाच वापरावी. अलास्काच्या उत्तर टोकाचे उत्कियाग्विक आणि ट्रॉम्सो ही जोडी घेतली तर ती साफ कोलमडते. या दोन गावांच्या रेखांशांत जवळजवळ १७६ अंशांचा फरक आहे, म्हणजे ती ध्रुवाच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना आहेत. दोन्हींच्या मधल्या अक्षांशावरून गोल फिरून गेले तर साडेसहा हजार किलोमीटर होतील. ध्रुवाजवळून सरळ गेले तर सुमारे ४,३४० किलोमीटरच भरतात. अशा जोडीसाठी पृथ्वीगोल आणि दोरा घ्यावा किंवा महावर्तुळाचे अंतर देणारे एखादे साधन वापरावे. एवढे करूनही जो आकडा हाती येतो त्याचा प्रवाशाला उपयोग नाही, कारण त्या सरळ रेषेवर प्रवासी विमान चालत नाही. उत्कियाग्विकचा माणूस आधी दक्षिणेला अँकरेजला उतरतो आणि तिथून अर्धे जग फिरून नॉर्वेला येतो. दोन विमानतळांमधले अंतर विचारण्याआधी त्यांच्यामध्ये विमानसेवा आहे का, हे विचारावे.

अंतरावरून वेळ काढायला जेट विमानांसाठी एक ठोकताळा चांगला चालतो: किलोमीटरला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. ९६० भागिले ८०० म्हणजे एक तास बारा मिनिटे, अधिक अर्धा तास, एकूण पावणेदोन तासांच्या थोडे आत. ओस्लोहून लाँगइयरब्येनचे सरळ अंतर सुमारे २,०१० किलोमीटर आहे. त्याला हाच ठोकताळा लावला तर तीन तास येतात आणि तेही जुळतात. तो अर्धा तास चढण्या-उतरण्यातल्या कमी वेगाचा आणि जमिनीवरच्या धावण्याचा असतो. वेळापत्रकात छापलेला काळ गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून दहा-पंधरा मिनिटांनी कमी असतो. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असला तरी या अंतरावर पाच-सहा मिनिटांचाच फरक पडतो. हिवाळ्यात त्याहून जास्त वेळ पंखांवरचा बर्फ काढण्याची फवारणी आणि धावपट्टीवरचा बर्फ लोटण्याचे काम घेते. ट्रॉम्सोला धावपट्टी एकच आहे. बर्फ लोटणाऱ्या गाड्यांचा ताफा तिच्यावर उतरला की सगळ्यांनाच थांबावे लागते.

घड्याळाच्या बाबतीत एक सोय आहे. दोन्ही ठिकाणी नॉर्वेचीच वेळ चालते, त्यामुळे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की प्रवासाचा काळ मिळतो. भारताशी फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो. घरी फोन करणाऱ्यांनी तेवढा लक्षात ठेवावा.

आता मार्ग निवडण्याचा प्रश्न. ओस्लोहून थेट जावे की ट्रॉम्सोमार्गे? ओस्लो ते ट्रॉम्सो सुमारे १,१२० किलोमीटर आणि पुढे ९६०. बेरीज थेट मार्गापेक्षा साठ-सत्तर किलोमीटरनेच वाढते. अंतराचा प्रश्न इथे नाहीच, वेळ जातो तो जमिनीवर. स्वालबार्डवर सत्ता नॉर्वेची असली तरी ते शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, म्हणून तिकडे जाताना पासपोर्ट तपासणी होते. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात तुम्ही बसला असाल, तर विमान आणि आसन तेच असले तरी ट्रॉम्सोला सगळ्यांना खाली उतरावे लागते. कोट, हातातली पिशवी, खिडकीशी ठेवलेला कॅमेरा, सगळे घेऊन रांगेत उभे राहायचे, पासपोर्ट तपासून घ्यायचा आणि पुन्हा त्याच विमानात चढायचे. ‘माझे तिकीट पुढचे आहे’ म्हणून डोळे मिटून बसणाऱ्यांना कर्मचारी उठवतात. पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी पुढचा मुद्दा नीट वाचावा, कारण इथे झालेली चूक विमानतळावर दुरुस्त होत नाही. स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही. पण तिथे पोचण्याची वाट नॉर्वेतून जाते आणि परतण्याचीही. ट्रॉम्सोला किंवा ओस्लोला पासपोर्ट तपासणी झाली की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता. परत येताना तो दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो पहिल्या खेपेलाच संपलेला असतो. म्हणून अर्ज करतानाच डबल एन्ट्री किंवा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मागावा आणि सोबत लाँगइयरब्येनची जाण्या-येण्याची तिकिटे व राहण्याचे आरक्षण जोडावे. हातात व्हिसा पडला की प्रवेशसंख्येचा रकाना सगळ्यात आधी पाहावा. एजंटाने काम केले असेल तरीही तो स्वतः वाचावा. शेंगेनची गोळाबेरीज सहल म्हणून भरलेल्या अर्जात हा बारकावा सहज निसटतो.

तिकिटे शक्यतो एकत्र, एकाच आरक्षणात काढा. मुंबई–ओस्लो एका कंपनीचे आणि ओस्लो–लाँगइयरब्येन वेगळे काढून पैसे वाचतात हे खरे. पण पहिले विमान तीन तास उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणेघेणे उरत नाही, आणि मग लाँगइयरब्येनचे नवे तिकीट ऐन वेळच्या भावाने घ्यावे लागते. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर ओस्लोत किंवा ट्रॉम्सोत एक मुक्काम ठेवा. माझे मत विचाराल तर मुक्काम ट्रॉम्सोत करावा. विमानतळ शहरालगत आहे, हवेची सवय होते आणि दुसऱ्या दिवशीचा पल्ला पावणेदोन तासांचाच राहतो.

परतीच्या वाटेवर पासपोर्टबरोबर सीमाशुल्काची तपासणीही असते, कारण स्वालबार्ड नॉर्वेच्या करव्यवस्थेबाहेर आहे. बॅग कुठे ताब्यात घ्यायची आणि पुन्हा कुठे सोपवायची, हे लाँगइयरब्येनच्या काउंटरवरच विचारून घ्या. पुढचे विमान गाठायला तासाभराचा अवधी तिकीट विकणाऱ्या संगणकाला पुरेसा वाटतो. अनोळखी विमानतळावर दोन तपासण्या आणि एक बॅग सांभाळणाऱ्या कुटुंबाला तो पुरत नाही. परतीचे विमान रात्री दोन-अडीचचे असेल तर तारीख दोनदा वाचा. १५ तारखेला रात्री दोनचे विमान म्हणजे १४ तारखेच्या जेवणानंतर निघायचे. उन्हाळ्यात चोवीस तास ऊन असताना ही गल्लत फार सहज होते.

आता हवामान. लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे आणि ती कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो आणि जमीन कमीजास्त खचते-फुगते. त्यामुळे तिची देखभाल कधीच संपत नाही. एका बाजूला फ्योर्डचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला सपाट माथ्याचा डोंगर. ढग खाली आले, वारा आडवा वळला किंवा बर्फाची झोड उठली की वैमानिक वाट पाहतो, घिरट्या घालतो आणि जमले नाही तर परततो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोहून इथे येणारे विमान उतरण्याच्या तयारीत असताना जवळच्या ऑपेरा डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व १४१ जण मृत्युमुखी पडले. या डोंगरांशी घाई करायची नसते, हे इथल्या प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असते. विमान माघारी फिरले म्हणून प्रवाशांनी चिडू नये.

माघारी फिरणे म्हणजे काय, हेही अंतराच्या भाषेत समजून घ्या. आपल्याकडे मुंबईत उतरता आले नाही तर विमान अहमदाबादला किंवा नागपूरला जाते. लाँगइयरब्येनच्या आसपास मोठ्या जेटला उतरता येईल असा दुसरा नेहमीचा प्रवासी विमानतळ नाही. वाटेवर साधारण निम्म्यात अस्वल बेट लागते, जाताना उजवीकडे. पण ते हवामान केंद्रापुरते वसलेले आहे आणि बहुधा ढगांखालीच असते. म्हणून विमान ट्रॉम्सोला किंवा मुख्य भूमीवरच्या दुसऱ्या विमानतळावर परतते आणि तेवढे इंधन घेऊनच निघालेले असते. अशा दिवशी तुम्ही साडेतीन तास हवेत काढता आणि जिथून निघालात तिथेच उतरता. हे रोज होत नाही, पण होते. म्हणून स्वालबार्डच्या सहलीत परतीच्या बाजूला एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा. ओस्लोहून मुंबईचे विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आदल्या दिवशी लाँगइयरब्येन सोडा. त्या दिवसाचा हॉटेलचा खर्च नकोसा वाटतो, पण आंतरराष्ट्रीय तिकीट वाया जाण्यापेक्षा तो कितीतरी कमी असतो.

ट्रॉम्सोहून निघाल्यापासूनच्या दीड-पावणेदोन तासांत उजेडही बदलतो. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. ट्रॉम्सोत हा काळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा असतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारी ट्रॉम्सोहून उन्हात निघालेला प्रवासी सूर्य नसलेल्या गावात उतरतो. गावाभोवती डोंगर असल्याने लाँगइयरब्येनच्या घरांवर पहिले ऊन तर ८ मार्चच्या सुमारास येते आणि तिथले लोक त्याचा आठवडाभर उत्सव करतात. याच्या उलट, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. खिडकीतून हिमनद्या आणि टोकदार सुळके पाहायचे असतील तर एप्रिल-मे हा काळ मी निवडेन. स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिण टोकापासून पुढचा भाग दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून दिसतो, म्हणून डावी-उजवी यावर वाद घालू नका. पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची रांग मात्र मागून घ्या.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेले एक पांढरे अस्वल उभे असते. मुले त्याच्याभोवती जमतात आणि बॅगा फिरत राहतात. बाहेर जगातल्या शहरांची अंतरे लिहिलेला खांब आहे आणि गावात नेणारी बस विमानाच्या वेळेवर उभी असते. गाव चार-पाच किलोमीटरवरच आहे. विमानतळाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, २००८ साली उघडलेले जगभरच्या पिकांच्या बियांचे भांडार आहे. हैदराबादच्या इक्रिसॅटनेही तिथे बियाणे ठेवले आहे. भांडारात प्रवेश मिळत नाही, दार मात्र बाहेरून पाहता येते.

वयस्कर मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी ९६० किलोमीटरचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला तिथून विमानाने ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात हलवतात. बाळंतपणासाठीसुद्धा तिथल्या स्त्रिया प्रसूतीच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. प्रवास विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आणि स्वालबार्डचे नाव दोन्ही आहेत का, हे लेखी विचारा. हृदयविकाराची, रक्तदाबाची, साखरेची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.

लाँगइयरब्येनहूनही पुढे जाणारे काही भारतीय आहेत. स्वालबार्डच्या वायव्येला नी-ओलेसुंड या संशोधन वस्तीत भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र १ जुलै २००८ पासून चालू आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून पाहिला जातो. जवळच्या काँग्सफ्योर्डमध्ये २०१४ पासून पाण्याखालची भारतीय निरीक्षण यंत्रणाही आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तिथे राहू लागले आहेत. आपल्या विद्यापीठांतल्या ज्या विद्यार्थ्यांना तिकडे कामाची संधी मिळेल, त्यांच्यासाठी या शेवटच्या टप्प्याचा हिशोब देतो.

लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुंड हवाई अंतर फक्त ११० किलोमीटर आहे. गंमत अशी की दोन्हींच्या रेखांशांत ३.६ अंशांचा फरक आहे, म्हणजे जवळजवळ मुंबई आणि लातूर यांच्यामध्ये असतो तेवढा. आपल्याकडे त्याचे पावणेचारशे किलोमीटर होतात, तिथे ८० सुद्धा होत नाहीत. रस्ता नाही. पंख्याचे लहान डॉर्नियर विमान तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणून इथे ८०० चा ठोकताळा चालत नाही. ३५० ने भागून दहा मिनिटे मिळवा, म्हणजे अर्धा तास येतो. पण ही विमाने आठवड्यातून मोजकीच असतात, आसने थोडी असतात आणि ती संशोधनाच्या कामावर जाणाऱ्यांसाठी राखलेली असतात. सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते, तेव्हा जड उपकरणे जहाजाने आधी पाठवायची व्यवस्था केंद्राकडून करून घ्यावी. वेळापत्रकात ट्रॉम्सोचे विमान आणि हे छोटे विमान एकाच दिवशी जुळत असले, तरी लाँगइयरब्येनला एक रात्र काढावी. नी-ओलेसुंडला अतिसूक्ष्म रेडिओ लहरी टिपणारी वेधशाळा असल्याने वीस किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. घड्याळ, हेडफोन, कॅमेरा यांतलेही. त्या विमानात पाय ठेवण्याआधीच सगळे बंद करा आणि घरच्यांना फोन लाँगइयरब्येनहून करून घ्या.